कुणाकडं निघालाय?

सहलीला निघालेल्या माणसाने खेड्याकडे जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक वाचलं, की दुसऱ्याच्या घरची वाणसामानाची यादी हाती लागल्यासारखं वाटतं. सगळं ओळखीचं, पण त्यात आपल्यासाठी काहीच मागवलेलं नाही. मुक्कामी गाडी रात्री गावात जाऊन झोपते आणि पहाटे तालुक्याकडे निघते. कारण दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर ही सगळी मंडळी सकाळी त्याच दिशेला धावत असतात. संध्याकाळी ती घरी परततात. आपल्याला नेमकं सकाळी गावाकडे जायचं असतं आणि संध्याकाळी परत यायचं असतं. त्यातून आपण मोकळे रविवारी, आणि रविवारी शाळेची फेरी बंद. अख्खं गाव एकीकडे चाललेलं असताना आपण पाण्याची बाटली घेऊन दुसरीकडे तोंड करून उभे. मला या प्रवासाची गोडी लागली ती इथेच. ही गाडी आपल्यासाठी सोडलेली नाही, आणि तरीही ती आपल्याला घेते.

१९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली. आज तिला लाल डबाही म्हणतात आणि लाल परीही. कोणतं नाव कधी वापरायचं हे स्टँडवर किती वेळ ताटकळलो यावर ठरतं. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. माणसाच्या आवडीची इतकी उघड दखल घेणारी दुसरी सरकारी योजना निदान माझ्या माहितीत नाही. पण पहिल्याच खेपेला इतकी हाव नको. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जाणारी गाडी धरावी. एका दिवसाला ती पुरून उरते.

जागा धरण्यासाठी खिडकीतून रुमाल टाकायची विद्या आता मागे पडत चालली असली, तरी समोरच्या सीटवर कोणाची तरी पिशवी आपल्याआधी बसलेली असतेच. मग कंडक्टर मशीन घेऊन येतो आणि गाडीत वयाचा एक विलक्षण बाजार भरतो. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. जन्मभर वय चोरलेली माणसं आता आधार कार्ड निशाणासारखं फडकावतात. आजी मोफत, सून निम्म्यात, नातू वयामुळे निम्म्यात, आणि पूर्ण तिकीट काढणारा एकटा मुलगा, ज्याच्याकडे सगळं कुटुंब किंचित करुणेने बघत असतं.

यवतेश्वरचा घाट सुरू झाला की गाडीच्या काचा एकमेकींशी बोलू लागतात. एसटीची सीट मोटारीपेक्षा बरीच उंच. मोटारीतल्या माणसाला जिथे नुसता कठडा दिसतो, तिथे आपल्याला कठड्यापलीकडची दरी दिसते, परड्यातली म्हैस दिसते, कौलांवर वाळत घातलेलं कसलंसं धान्य दिसतं. श्रावण-भाद्रपदात कासच्या सड्यावर तेरडा गुलाबी होऊन पसरतो, मध्येच गेंदाचे पांढरे ठिपके आणि ओलीला धरून सीतेच्या आसवांची निळाई. खाली पर्यटकांच्या मोटारींची रांग लागलेली असते. आपली गाडी मात्र फोटोसाठी थांबत नाही. कंडक्टरच्या दोरीला दोनच गोष्टी कळतात: एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ‘वा, किती सुंदर!’ यासाठी घंटा नाही. म्हणून फुलं डोळ्यांनीच बघावी लागतात. पूर्वी ती तशीच बघत असत म्हणे.

या गाडीतली सगळ्यात कठीण परीक्षा शेजारची आजी घेते.

“कुणाकडं निघालाय?”

“कुणाकडं नाही, आजी. असंच.”

“असंच म्हंजी?”

याला उत्तर नाही. कोणाचंही लग्न, बारसं, दहावं नसताना, देवाचा नवस नसताना एक धडधाकट माणूस तिकीट काढून गावाला निघतो, ही गोष्ट गाडीच्या पचनी पडत नाही. मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच अंदाज बांधतं, “जमीन बघाय आलं असतील.” मी नाही म्हणतो. “मग सर्वेवालं?” तेही नाही. माझ्या निरुद्देशपणाची मलाच लाज वाटू लागते. आजी थोडा वेळ गप्प बसते, मग पिशवीतून चार शेंगा काढून माझ्या हातावर ठेवते. बहुधा तिने मला कामधंदा नसलेल्यांत जमा केलेलं असतं.

उतारावर वळण घेताना शिवसागर जलाशयाचं पाणी दिसतं. मी सवयीने मोबाईल वर उचलतो. आजी त्याच पाण्याकडे बोट दाखवते. “त्या तिथं माझं म्हायेर. धरणात गेलं. मी परकरात हुते.” मला दिसतं ते हिरवं-निळं पाणी आणि पलीकडचे डोंगर. तिला मात्र तिथे अंगण दिसत असावं, कारण तिचं बोट नेमक्या एका जागेवर थांबलेलं असतं. माझ्या हातातला मोबाईल आपोआप खाली येतो. खिडकीची काच ती स्वतःच सरकवते, मला नीट दिसावं म्हणून.

बामणोलीत उतरताना कंडक्टर मला बजावतो, “सांजच्या गाडीला इथंच उभं ऱ्हावा. चुकली तर दुसरी न्हाई. मग आजींकडं मुक्काम.”

“ऱ्हाऊ दे की,” आजी पायरी उतरता उतरता म्हणते, “एका भाकरीनं काय हुतंय? आणि पुढल्या बारीला कुणी इचारलं कुणाकडं, तर माझ्याकडं म्हनून सांग.”