माल तयार, गाडी नाही

मंगळावर जीवसृष्टी होती का, या प्रश्नाचं उत्तर बहुधा एका नळीत बंद आहे. नळी सिगारएवढी, आत खडूच्या कांडीएवढा दगड. ती कुठे आहे हे माहीत आहे, तिच्यात काय भरलंय हेही माहीत आहे. आणायची कशी, एवढंच ठरायचं राहिलंय. म्हणजे ठरलं होतं, मग महाग वाटलं, मग पुन्हा ठरवायचं ठरलं, आणि आता न ठरवण्याचं ठरलेलं दिसतंय.

हा दगड 'पर्सिव्हिअरन्स' या नासाच्या रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरातल्या एका जुन्या नदीपात्रात खोदून काढला. खडकावर बिबट्यासारखे ठिपके, मधे फिकट, कडेला काळपट. त्यांत लोहाची फॉस्फेटं आणि सल्फाइडं, आणि भोवतालच्या गाळाच्या खडकात सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर असला मेळ चिखलात जमतो तेव्हा बहुतेकदा सूक्ष्मजीवांनी तिथे जेवण उरकलेलं असतं. 'बहुतेकदा' हा शब्द महत्त्वाचा. जीवांशिवायही असं होऊ शकतं, आणि खरं-खोटं करायचं तर दगड पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. रोव्हरच्या हाताला बसवलेली उपकरणं गुणी आहेत, पण समस्थानिकांचा असा बारीक हिशेब त्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये हा शोध 'नेचर'मध्ये छापून आला. नासाच्या हंगामी प्रमुखांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की मंगळावरच्या जीवसृष्टीच्या इतकं जवळ आपण कधीच पोचलो नव्हतो. टाळ्या वगैरे झाल्या. त्यांच्याच सरकारने मे महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात मंगळाचे नमुने आणण्याची मोहीम रद्द करा असं लिहिलं होतं. कारण काय, तर खर्च हाताबाहेर गेलाय आणि हे काम पुढे माणसं मंगळावर जातील तेव्हा होऊनच जाईल. माणसं कधी जाणार? तेही एकदा ठरलं की कळवतील.

खर्च हाताबाहेर गेला होता यात मात्र खोटं काही नाही. २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने हिशेब मांडला तेव्हा आकडा आठ ते अकरा अब्ज डॉलरवर गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये नासाच्या त्या वेळच्या प्रमुखांनी सांगितलं, की अकरा अब्ज फार होतात आणि २०४० पर्यंत थांबणं परवडणारं नाही. कोणाकडे स्वस्तातली युक्ती असेल तर सांगा. युक्त्या आल्या. जानेवारी २०२५ मध्ये दोन पर्याय जाहीर झाले आणि त्यातला कोणता निवडायचा ते २०२६ मध्ये ठरवू असं जाहीर करण्यात आलं. प्रमुख बदलले, सरकार बदललं, २०२६ उजाडलं. जानेवारीत अमेरिकी संसदेने जो खर्च मंजूर केला त्यात या मोहिमेला आहे त्या रूपात पाठिंबा नाही.

यातला उत्तम विनोद खुद्द मंगळावर पडून आहे. रोव्हर बिघडला तर पंचाईत नको म्हणून २०२२-२३ च्या हिवाळ्यात त्याने दहा नळ्या 'थ्री फोर्क्स' नावाच्या सपाट जागी एकेक करून जमिनीवर ठेवल्या. कोणती नळी कुठे, याचा नकाशा केला, फोटो काढले. जोखमीचा माल म्हणून राखीव साठाही वेगळा ठेवला. वाहतूक कंपनी सोडून सगळी तयारी चोख. आणि ज्या कॅलिफोर्नियातल्या 'जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी'ने हे सगळं बांधलं तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये ५३० जण घरी गेले, नोव्हेंबरमध्ये ३२५, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी सुमारे ५५०. खर्च कमी करायची ही पद्धत कोणत्याही कारखान्यात चालते. फक्त इथे नोकरीवरून काढलेल्या माणसाकडचं ज्ञान दुसऱ्या पाळीतल्या माणसाकडे नसतं, कारण दुसरी पाळीच नसते.

तिकडे चीनने आपलं वेळापत्रक छापून टाकलंय. 'तिआनवेन-३' २०२८ मध्ये निघणार, २०३१ च्या सुमारास किमान अर्धा किलो मंगळ घेऊन परत येणार. चीनच्या वेळापत्रकांबद्दल शंका घ्यायची सोय पूर्वी होती. पण चंद्रावरून २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूने १,९३५ ग्रॅम माती त्यांनी सांगून आणली, तेव्हा ती सोय गेली. नासाच्या वैज्ञानिकांना त्या मातीला हात लावायचा तर २०११ पासूनचा कायदा आडवा येतो. खासदार फ्रँक वूल्फ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद म्हणते, की नासाच्या पैशातून चीनशी थेट सहकार्य करायचं तर आधी खास परवानगी हवी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने आपली चांद्रमाती सहा देशांतल्या सात संस्थांना उसनी द्यायचं जाहीर केलं. त्यात अमेरिकेतली ब्राउन आणि स्टोनी ब्रूक ही विद्यापीठं आहेत. पाकिस्तानची सुपार्को आहे. भारत नाही. यावर वाहिन्यांनी अजून चर्चा कशी लावली नाही याचं आश्चर्य वाटतं.

आता चंद्रावरच्या गाडीची कथा. 'व्हायपर' हा नासाचा रोव्हर गोल्फच्या मैदानावरच्या गाडीएवढा. दक्षिण ध्रुवाजवळ शंभर दिवस फिरायचं, एक मीटर खोल भोकं पाडायची आणि बर्फ शोधायचा, एवढं त्याचं काम. २०२४ च्या जुलैमध्ये रोव्हर पूर्ण बांधून झाला होता, चाचण्या सुरू होत्या, सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्याच महिन्यात नासाने तो रद्द केला. पुढचे किमान ८.४ कोटी वाचणार होते. कोणाला हवा असेल तर न्या, नाही तर सुटे भाग काढून इतर मोहिमांना वापरू, अशी सोय ठेवली. इथवर ही सरकारी कहाणी झाली, अशा आपल्याकडेही पन्नास मिळतील. पण पुढचा भाग नासाचाच. ज्या खासगी यानातून व्हायपर चंद्रावर उतरायचा होता त्याचं कंत्राट चालूच ठेवलं, आणि रोव्हरच्या जागी त्याच्या वजनाचा ठोकळा पाठवायचा बेत केला! बर्फ शोधणारं यंत्र घरी, ठोकळा चंद्रावर. हजारो वैज्ञानिकांनी संसदेला पत्र लिहिलं. रद्द झालेला रोव्हर दरम्यान बिचारा आपल्या चाचण्या पास होत होता. ऑक्टोबरमध्ये निर्वात आणि कडाक्याच्या थंडी-उष्णतेची परीक्षाही त्याने दिली. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन या कंपनीला तो २०२७ च्या अखेरीस चंद्रावर पोचवायचं काम मिळालं. कंत्राट १९ कोटी डॉलरपर्यंतचं. साडेआठ कोटी वाचवायला निघालेल्या माणसाचा हा परतीचा खर्च.

या सगळ्यात तरुण संशोधकाने करायचं काय? अर्ज. ग्रहविज्ञानात अमेरिकेत संशोधनाचा पैसा मुख्यतः नासाच्या वार्षिक योजनेतून येतो. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून 'रोझेस' हा शब्द तयार होतो, आणि ही योजना वर्षानुवर्षं बहुतेक १४ फेब्रुवारीला जाहीर होत आली. अमेरिकी नोकरशाहीतला बहुधा हा एकमेव प्रेमळ विनोद. २०२५ चे गुलाब मात्र जुलैमध्ये आले. दरम्यान ज्या पोस्टडॉकचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं त्याने काय करायचं, हे कोणत्याही घोषणेत नव्हतं. ग्रह वेळेवर फिरतात, आर्थिक वर्ष फिरत नाही. पण पगार आर्थिक वर्षावर चालतो, ग्रहावर नाही.

मे महिन्यातल्या त्या अर्थसंकल्पी प्रस्तावात आणखी एक नवल होतं. नासाचा एकूण खर्च २४.८ अब्ज डॉलरवरून १८.८ अब्जांवर आणायचा, विज्ञानाचा तर जवळपास निम्मा कापायचा, आणि त्यासाठी उत्तम चालू असलेली यानं बंद करायची. गुरूभोवती फिरणारं जुनो, प्लुटोच्या पलीकडे गेलेलं न्यू होरायझन्स, मंगळाभोवतीचं मेव्हन. ही यानं बांधायचा आणि पाठवायचा खर्च केव्हाच झालेला. आता फक्त त्यांचं बोलणं ऐकायचा खर्च उरलेला. तोही नको. मेव्हन म्हणजे २०१४ मध्ये आपल्या मंगळयानाच्या दोन-तीन दिवस आधी मंगळावर पोचलेला शेजारी. मंगळयान २०२२ मध्ये थंडावलं, मेव्हन काम करत राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये मंगळाच्या आड जाऊन बाहेर आल्यावर त्याचा आवाज बंद झाला. प्रस्ताव वाचला असेल.

संसदेने शेवटी ऐकलं नाही, हे सांगायला हवं. विज्ञानासाठी सव्वासात अब्जांच्या आसपास रक्कम मंजूर झाली, म्हणजे कपात जवळजवळ टळली. वैज्ञानिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभर यानं बंद करण्याच्या योजना लिहायच्या, माणसं गमवायची, आणि वर्षअखेरीला होतं तिथेच राहिल्याबद्दल पेढे वाटायचे. यालाच आता प्रगती म्हणतात.

युरेनसचं नाव काढू नये असं वाटतं, तरी काढतो. व्हॉयेजर-२ त्याच्या जवळून २४ जानेवारी १९८६ रोजी गेलं. त्यानंतर चाळीस वर्षांत तिथे कोणी फिरकलेलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकी विज्ञान अकादमीने पुढच्या दशकासाठी युरेनसची मोहीम सर्वांत अग्रक्रमाची म्हणून नेमून दिली. गुरूच्या गुरुत्वाचा धक्का घेऊन जायची सोय २०३१-३२ मध्ये आहे. अजून यान बांधायला घेतलेलं नाही. गुरू थांबणार नाही.

आणि आपलं काय, असं विचारणारा वाचक असतोच. आपलं बरं चाललंय. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने एकाच दिवशी चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी रुपये आणि शुक्रयानाला १,२३६ कोटी मंजूर केले. चांद्रयान-४ ने चंद्राची माती आणायची आहे, शुक्रयान मार्च २०२८ मध्ये निघायचं आहे. 'हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्त' हे वाक्य आत्ताच लिहून ठेवलेलं बरं, ऐन वेळी धावपळ नको.

पण व्हायपर ज्या बर्फाच्या शोधात निघालाय तो बर्फ दाखवला कोणी? चांद्रयान-१ ने. त्यावर नासाचं एक उपकरण होतं, ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स यांच्या देखरेखीखालचं. यानाशी संपर्क ऑगस्ट २००९ मध्येच तुटला. त्याच्या आकड्यांमधून २०१८ मध्ये चंद्राच्या ध्रुवांवर उघड्या बर्फाचा थेट पुरावा निघाला. यान मेल्यावर नऊ वर्षांनी! तो काढणाऱ्या गटाचं नेतृत्व हवाई आणि ब्राउन विद्यापीठांकडे होतं. यान आपलं, रॉकेट आपलं, श्रीहरिकोट्याला टाळ्या आपल्या. आकडे मात्र उघड्यावर ठेवलेले होते, ज्याने वाचले त्याचे झाले.

आजही ठेवलेलेच आहेत. चांद्रयान-२ चा चंद्राभोवती फिरणारा भाग २०१९ पासून काम करतोय, त्याचा कॅमेरा पाव मीटरपर्यंतची वस्तू टिपतो, आणि ही सगळी सामग्री इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर फुकट मिळते. नासाचीही तशीच मिळते. अर्थसंकल्प लागत नाही, व्हिसा लागत नाही. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला 'भारतीय अंतराळ कार्यक्रमाची गौरवशाली वाटचाल' या विषयावर प्रकल्प देणाऱ्या विभागप्रमुखांनी एकदा तिथे खातं उघडून पाहावं.

ज्यांना दगडच हवा त्यांच्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. चंद्राच्या सपाट काळ्या भागांचा आणि मंगळाच्या मोठ्या भागाचा पृष्ठभाग बसाल्टचा. पृथ्वीवर बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर इतकं चांगलं जपलेलं क्वचितच सापडतं, म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी त्यावर 'सायन्स'मध्ये निबंध लिहिला, आणि तेव्हापासून जगभरचे लोक येऊन जातात. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आपलेही बरेच गेले. त्या वेळी काढलेले फोटो अजून फॉरवर्ड होतात. मेहकरहून एसटी जाते.