नदीखालची डबलडेकर

लंडनमध्ये 7 एप्रिल 2025 पासून थेम्सच्या पोटातून डबलडेकर बस धावते. सिल्व्हरटाऊनचा बोगदा उघडला, त्याच दिवशी नवा बसमार्गही सुरू. शेजारचा ब्लॅकवॉल बोगदा 1897चा आणि बुटका. दुमजली बस त्यात शिरत नाही. नव्याबरोबर जुन्यालाही टोल लावला, एवढी एक गोष्ट मात्र ते आपल्याकडूनच शिकले असावेत.

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या खालून बस न्यायची म्हटले, तर आधी कारण शोधावे लागेल. खाम ओलांडायला बोगदा कशाला, नाक दाबले की झाले. खरी गंमत पैलतीरावर. तिथे मकाई, बारापुल्ला, महमूद असले दरवाजे. कमानी घोडे-पालख्यांच्या हिशेबाने बांधलेल्या. रिक्षा, टँकर आणि वरातीचा डीजे एकाच वेळी समोरासमोर येतील, हे त्या काळच्या विकास आराखड्यात नव्हते.

भुयाराचे म्हणाल तर आम्हाला नवल नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी जमिनीखालून खेळवली. पाणी भुयारात शिरायचे आणि गावात निघायचे. आता रस्त्याच्या भुयारात पाणी न बोलावता जमते. पाणी घराघरांत आणायच्या योजनेचे भूमिपूजन 2020 मध्ये झाले, तेव्हाचा 1,680 कोटींचा आकडाही पुढे फुगला. तेव्हा नवा बसमार्ग काढायचाच तर तो पाण्याच्या टँकरमागोमाग काढावा. या शहरात त्याला सगळे वाट देतात.