प्रांतपाल व्हायचंय? आधी पोहे खा

रोटरीचे प्रांतपाल होणं अवघड नाही, वेळ मात्र लागतो. पद स्वीकारताना सभासदत्वाची सात वर्षं पुरी हवीत आणि क्लबचं अध्यक्षपद एकदा तरी वर्षभर सांभाळलेलं हवं. तोवर रक्तदान शिबिरं भरवा, शाळेला बाकं द्या आणि माजी प्रांतपालांचे वाढदिवस पाठ करा. शेवटचं काम विसरलात तर पहिली दोन फुकट.

निवड दोन-तीन वर्षं आधीच होते. प्रचाराला सक्त मनाई. म्हणून ३१३१ प्रांतातल्या इच्छुकानं पुण्याहून अलिबागला जाताना वाटेतल्या प्रत्येक क्लबात "सहज चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं" एवढंच म्हणावं. मतदानाची वेळ आलीच, तर मत क्लबाचं असतं, साधारण २५ सभासदांमागे एक. तेव्हा शंभरवाल्यांकडे पोहे खा, वीसवाल्यांकडे नुसता चहा घ्या.

१ जुलैला राज्य हाती येतं. आता प्रत्येक क्लबला अधिकृत भेट द्यायची. सहाय्यक प्रांतपाल पुढे जाऊन सचिवांची दप्तरं तपासतात. तुम्ही शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घ्यायचं. घंटा वाजते, प्रोजेक्टर चालत नाही, अध्यक्ष म्हणतात, "दोन शब्द बोलतो," आणि पाऊण तास बोलतात. मागच्या रांगेचं लक्ष पनीरच्या झाकणाकडे. तुमच्या भाषणापर्यंत नऊ वाजतात. पोलिओवर बोला, त्यावर कुणी जांभई देत नाही. १९८५ पासून रोटरीनं तो विषय खरोखरच धरून ठेवला. रविवारी बूथवर डोस पाजायला उभे राहिले, त्यांना शाल मात्र कुणी दिली नाही.

हुकूम देण्याच्या भानगडीत पडू नका. क्लब थेट रोटरी इंटरनॅशनलचे सभासद, स्वतःचं स्वतः बघणारे. प्रांत म्हणजे कारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेघ. एखाद्या क्लबनं वर्गणी थकवली तर फोन करायचा, "अण्णा, तेवढं बघा ना." अण्णा "बघतो" म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत फोन.

३० जूनला सगळं संपतं. पण घाबरू नका, माजी प्रांतपालांना मुदत नसते. पहिल्या रांगेतली खुर्ची आणि निवडीच्या वेळी सल्ला, दोन्ही तहहयात. दाराची पाटी रंगवायला टाकाल तेव्हा 'प्रांतपाल'च्या आधी तीन अक्षरांची जागा सोडायला पेंटरला सांगा. 'माजी' दोनच अक्षरी आहे, पण ते जरा ठळक हवं.