काजळी आणि बाटलीप्रामाण्य

मोटारीच्या इंजिनात काजळी का साठते, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र एका परिच्छेदात देते. ती काढावी कशी, या प्रश्नावर मात्र मराठी गाडीमालकांत इतके मतभेद आहेत की द्वैत-अद्वैताचा वाद त्या मानाने मिटल्यात जमा वाटावा. या मतभेदांच्या केंद्रस्थानी सध्या एक लहानशी बाटली आहे. तिच्यात साधारण ३०० मिलिलिटर द्रव असतो, तो पेट्रोलच्या टाकीत ओतायचा असतो, आणि तिच्या वेष्टनावर डावीकडे काळाकुट्ट व उजवीकडे लखलखीत अशा दोन अवस्थांत एकच पिस्टन छापलेला असतो. ॲडिटिव्ह म्हणून विकला जाणारा हा द्रव म्हणजे इंधनात अल्प प्रमाणात मिसळायचे पूरक रसायन होय. त्याचे कार्य खरे आहे, पण कार्यक्षेत्र मर्यादित आहे. आणि हे क्षेत्र जिथे संपते तिथूनच गाडीमालकाची श्रद्धा बहरास येते, असे या विषयाच्या अभ्यासकास दिसून येईल.

प्रथम काजळीच्या उत्पत्तीचा विचार केला पाहिजे. पेट्रोल हे मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण असल्यामुळे त्याला पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्याची पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन ते सुखाने निघून जाते. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला निघालेल्या गाडीच्या बाबतीत इंजिनाला ही उष्णता मिळण्याच्या आतच डेक्कन येते. थंड इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल लागते, ते पुरते जळत नाही, त्यात इंजिन ऑइलची वाफ मिसळते आणि या सर्वांचे मिळून एक काळे, चिवट पुट तयार होते. स्पार्क प्लग, म्हणजे मिश्रणाला ठिणगी देणारा भाग, याचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत तापण्याचे काम बहुधा फक्त चालक करतो.

प्लगखेरीज हे पुट आणखी तीन ठिकाणी बसते. पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी ते बसले की फवारा बिघडतो. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसले की थंड इंजिनात ते पेट्रोल शोषून धरते आणि गाडी अडखळते. पिस्टनच्या माथ्यावर बसले की ज्वलनकक्षातील जागा कमी होऊन दाब वाढतो, पुटाचे कोपरे तापून लाल होतात आणि मिश्रण अवेळी पेटून नॉकिंग, म्हणजे धातूवर टकटक केल्यासारखा आवाज, सुरू होतो. गॅरेजच्या परिभाषेत या तिन्ही विकारांची लक्षणे ‘पिकअप मेला’, ‘मिसिंग मारते’ आणि ‘ॲव्हरेज पडले’ अशी नोंदवली जातात. हीच लक्षणे तुंबलेल्या एअर फिल्टरची, झिजलेल्या क्लचची आणि हवा कमी असलेल्या टायरचीही असू शकतात, हा मुद्दा निदानाच्या वेळी सहसा चर्चेस येत नाही.

काजळीशी मराठी मध्यमवर्गाचा संबंध मुळात श्रद्धेचा नव्हता, तो हातघाईचा होता. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली बजाज चेतक ही टू-स्ट्रोक स्कूटर होती, म्हणजे तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे आणि ते पेट्रोलबरोबर जळून प्लग, पिस्टन व सायलेन्सर या तिघांवर इमानेइतबारे काजळी धरत असे. रविवारी सकाळी बनियन घातलेला गृहस्थ पान्याने प्लग खोले, तो उजेडाकडे धरून डोळे बारीक करून पाही, पॉलिश पेपरने घासे, फुंकर मारी, दोन टोकांमधली गॅप अंदाजाने जुळवी आणि काळी झालेली बोटे धोतराला की पायजम्याला पुसावीत यावर घरात वाद होई. सायलेन्सर फारच चोंदला की गॅरेजवाला तो काढून चक्क आगीत घालून भाजत असे. या पिढीला काजळी दिसत होती, म्हणून तिला बाटलीची गरज पडली नाही. पुढे फ्युएल इंजेक्शन रूढ होऊन कार्ब्युरेटर गेला, इंजिनावर प्लॅस्टिकचे झाकण आले, बॉनेट उघडण्याचे प्रयोजन काचेवर मारायचे पाणी भरण्यापुरते उरले आणि काजळी डोळ्यांआड गेली. जे दिसत नाही त्याच्या निवारणासाठी मनुष्य जे करतो तेच मग गाडीमालकाने केले.

तथापि बाटलीतील रसायनशास्त्र भोंदू नाही, हे निःपक्षपातीपणे नोंदवले पाहिजे. चांगल्या ॲडिटिव्हमध्ये पॉलिइथर अमाइन हे डिटर्जंट असते, आणि डिटर्जंट म्हणजे मळाला चिकटून त्याला पृष्ठभागापासून सोडवणारा पदार्थ. याच्या रेणूचे नायट्रोजन असलेले टोक पुटाला धरते, दुसरे लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते आणि सुटलेला मळ पेट्रोलबरोबर जळून धुराड्यातून जातो. याचा थोरला भाऊ पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन हाही इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह यांवर गुणकारी आहे, परंतु ज्वलनकक्षात तो स्वतःच थोडेफार पुट वाढवू शकतो, म्हणजे ओसरी झाडून केर माजघरात लोटण्याचा प्रकार होतो. अमेरिकेत १९९५ पासून सर्व पेट्रोलमध्ये किमान मात्रेत डिटर्जंट घालणे कायद्याने सक्तीचे झाले. ही किमान मात्रा अपुरी पडते असे वाटून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या मोटार कंपन्यांनी ‘टॉप टियर’ नावाचा अधिक कडक निकष पुढे आणला.

त्या कायद्यासाठी मान्य झालेली एक चाचणी तर सराफ बाजारात शोभेल अशी आहे. बीएमडब्ल्यू ३१८आय ही गाडी १०,००० मैल, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटर चालवून तिचे इनटेक व्हॉल्व्ह बाहेर काढायचे आणि त्यांवरचे पुट वजनावर घालायचे. सरासरी एका व्हॉल्व्हमागे १०० मिलिग्रॅमच्या आत भरले तर पेट्रोल उत्तीर्ण. गुंजेचे वजन साधारण १२० मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले तर अमेरिकी कायद्याने सोळा हजार किलोमीटरच्या काजळीला गुंजभरही माफी दिली नव्हती, असे म्हणावे लागते.

भारतात पंपावर ‘स्पीड’, ‘पॉवर’ अशा नावांनी मिळणाऱ्या महाग पेट्रोलमध्येही स्वच्छतेची रसायने मिसळलेली असतात. लिटरमागे काही रुपये जास्त पडतात म्हणून गाडीमालक ते ठामपणे नाकारतो, आणि वाचलेले पैसे खिशात घालून त्याच रस्त्यावरच्या दुकानातून कित्येक पटींनी महाग बाटली घेतो. याच संदर्भात ऑक्टेनविषयीचा गोंधळही दूर केला पाहिजे. ऑक्टेन अंक हा पेट्रोल अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचे माप आहे. साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आणि अधिक किमतीचे ९५ किंवा १०० ऑक्टेनचे असले तरी सफाई हा अंक करत नाही, डिटर्जंट करते.

आता बाटलीच्या कार्यक्षेत्राकडे वळता येईल. टाकीत ओतलेले औषध पेट्रोल जिथे जाते तिथेच जाते, एवढे एकच सूत्र या शास्त्रात पाठ करण्याजोगे आहे. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, त्यामुळे औषध मिसळलेले पेट्रोल व्हॉल्व्ह धूत जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे ‘टीएसआय’, ‘जीडीआय’ अशी अक्षरे पाठीवर मिरवणाऱ्या बहुतेक इंजिनांत पेट्रोल थेट ज्वलनकक्षात उतरते आणि व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचे दर्शनही होत नाही. तिथे ऑइलच्या वाफेचे पुट निर्वेधपणे जमते आणि टाकीत ओतलेली बाटली त्याचे काहीही बिघडवू शकत नाही. अशा इंजिनाचे इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच, खोलून व्हॉल्व्हवर अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाच्या हवेने मारणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. अक्रोडाचा आतला भाग मेंदूस आणि बाहेरचा भाग इंजिनास हितकारक असल्याचे यावरून दिसते. पहिल्याचा पुरेसा वापर झाला असता तर दुसऱ्याच्या बिलाचे आश्चर्य वाटले नसते.

डिझेल गाडीची कथा आणखी वेगळी आहे. तिच्यात ईजीआर नावाची रचना नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे प्रमाण कमी करण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनाला पाजते, आणि हा धूर ऑइलच्या वाफेत मिसळून मॅनिफोल्डमध्ये डांबराचे थर चढवतो. इंधनात मिसळलेल्या औषधाची वाट तिथून जात नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, आली. ती गाळणी साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर न थांबता चालवावी लागते. घरच्यांनी मागितलेली लोणावळ्याची सहल वर्षभर टाळणारा गृहस्थ गाडीने डॅशबोर्डवर दिवा लावून मागताच पहिल्याच रविवारी निघतो, हे सामाजिकदृष्ट्या उल्लेखनीय आहे.

बाटलीचा गुण आला की नाही हे ठरवण्याची गाडीमालकाची पद्धत न्यायदर्शनाला धरून असते. त्या दर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष प्रमाण असे की, बाटली ओतून पंपाबाहेर पडताच, म्हणजे औषध इंजिनापर्यंत पोहोचण्याच्या आत, गाडी हलकी वाटू लागते. त्याच वेळी चारी टायरांत हवा भरून घेतलेली असते, हा योगायोग समजावा. अनुमान असे की, टाकी फुल टू फुल करून काढलेले ॲव्हरेज वाढलेले असते. ही टाकी कोल्हापूरच्या हमरस्त्यावर संपली आणि आधीची सिंहगड रस्त्यावर, हा तपशील अनुमानात धरला जात नाही. उपमान असे की, साडूच्या गाडीत टाकले होते, तिला फरक पडला; साडूची गाडी पोर्ट इंजेक्शनची आणि स्वतःची डायरेक्ट इंजेक्शनची असली तरी नाते जवळचे असते. उरले शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणतो तशी सांगतो. मेकॅनिक यातील पहिली अट निर्विवाद पुरी करतो, दुसरी मात्र त्याच्या कपाटात किती बाटल्या पडून आहेत यावर अवलंबून असते. ‘साहेब, टाकून बघा, नुकसान तर नाही ना,’ हे त्याचे वाक्य या क्षेत्रातील महावाक्य होय.

नुकसान नसतेच असे नाही. अनेक बाटल्यांत डिटर्जंट थोडे आणि त्याला वाहून नेणारे, रॉकेलच्या जातकुळीचे पेट्रोलियम द्रावण पुष्कळ असते. पंपावर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले तर ती भेसळ ठरते आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून ग्राहक डाग शोधतो; तोच ग्राहक तशाच जातीचे द्रावण आकर्षक बाटलीतून आले की स्वतःच्या हाताने, शेवटचा थेंब झटकून टाकीत ओततो. मात्रेपेक्षा जास्त ओतल्याने सफाई दुप्पट होत नाही. टाकीऐवजी हवेच्या नळीतून इंजिनात द्रव सोडण्याचे धाडस तर कोणी अननुभवी माणसाने करूच नये, कारण द्रव दाबला जात नाही आणि तो सिलिंडरमध्ये जास्त झाला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, ज्याला कोणतीही बाटली सरळ करत नाही.

बाटलीवाद्यांना विरोध करणारा जुना पंथ ताणवाद्यांचा आहे. इंजिन पुरते तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून काही वेळ वरच्या आरपीएमवर पळवली की ज्वलनकक्षातील व प्लगवरील थोडी काजळी जळून जाते, हे त्यांचे मत बऱ्याच अंशी ग्राह्य आहे आणि पाश्चात्त्य देशांत या उपायाला इटालियन ट्यून-अप म्हणतात. मात्र व्हॉल्व्हच्या पाठीवर वर्षानुवर्षे बसलेले पुट या उपायाने हलत नाही, आणि हा उपाय करण्यासाठी द्रुतगती मार्गावरची वेगमर्यादा ओलांडण्याची गरज नसते, कारण इंजिनाला उष्णता गिअरमधून मिळते, चलनाच्या पावतीतून नव्हे.

सारांश असा की, पोर्ट इंजेक्शनची, वय झालेली, छोट्या फेऱ्यांची पेट्रोल गाडी अडखळत असेल तर एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा तपासून झाल्यावर पॉलिइथर अमाइन असलेली एक बाटली लेबलावरील मात्रेत टाकणे शहाणपणाचे आहे. ठणठणीत गाडीत ती टाकणे हा दानधर्म आहे. बाटली ओतण्यापूर्वी वाचकाने डॅशबोर्डच्या कप्प्यातले, अद्याप प्लॅस्टिकच्या पिशवीतून न निघालेले मॅन्युअल उघडून दोन गोष्टी पाहाव्यात: कंपनी असे रसायन वापरण्यास परवानगी देते का, आणि आपल्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी पडते की नंतर. नंतर पडत असेल, तर व्हॉल्व्ह साफ करण्यासाठी घेतलेल्या बाटलीने साफ होईल तो फक्त खिसा.