उंची हमखास वाढेल

जबलपुरात १९५६ पासून मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे; पण भिंतींचा निकाल वेगळाच! मधुमेह ‘जड़ से ख़त्म’, उंची हमखास वाढेल. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा नेमक्या असल्याच जाहिरातींना बंदी घालतो. त्याच्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, चक्क माणसाची उंचीही आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. पण भिंत रंगवणाऱ्याला काय त्याचे! तो बिचारा मोबाइल नंबर ठळक काढण्यात गर्क. आताचे हुशार लोक दुकानाला ‘वेलनेस सेंटर’ म्हणतात, वैदूला ‘कोच’. रोगाचे नावच घ्यायचे नाही. मग पकडणार कशावरून? सत्तर वर्षे उलटली. कायदा अजून अमलात आहे, बरं का!