‘येतो’ म्हणून गेलेल्या पहिल्या दोन किलोंस

माननीय पहिले दोन किलो यांस,
स. न. वि. वि.

तुमचा सध्याचा पत्ता माझ्याच पट्ट्याच्या वरच्या अंगाला आहे, हे ठाऊक असूनही पत्र खुलं लिहितोय. चारचौघांना कळू दे, कोणी कोणाला फसवलं ते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मनावर घेतलं. काटा ८८.४ दाखवत होता. साखर बंद केली, भात वाटीवर आणला, फराळाचे डबे माळ्यावर टाकले. सहाव्या दिवशी काटा म्हणाला, ८६.४! काय तो तुमचा त्याग! इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि सहा दिवसांत तुम्ही हूं की चूं न करता निघालात. मी भारावलो. ऑफिसात सांगितलं, सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितलं, दोन पँट अल्टरला टाकल्या. आठवड्याला दोन, या हिशोबानं होळीपर्यंत मी दहावीतल्या वजनावर येणार होतो.

दुसऱ्या आठवड्यात गेले ३०० ग्रॅम. तेवढ्यात तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांची सुरू झाली. एका पंगतीत मसालेभात, मठ्ठा, जिलेबी आणि (मोजून) तीन पापड. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर तुम्ही हजर!

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. संस्कार चांगलेच आहेत. पण इतके मनावर घ्यायचे नसतात हो.

त्या दिवशी मी चालायला गेलो नाही. ‘इतकं करून काय उपयोग’ म्हणत माळ्यावरचा चिवडा काढला. तुमचा खरा गुन्हा हा. परत आलात त्याचं एवढं नाही. पण निघताना जो थाट केलात, त्यामुळे पुढचं सगळं फिकं वाटायला लागलं.

मग हिशोब मांडला आणि तुमचं बिंग फुटलं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. तुम्ही चरबी असतात तर सहा दिवसांत १५,४०० कॅलरींची तूट पडायला हवी होती, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त. मी दिवसभरात खातोच साधारण तेवढं! आणि मी काही उपोषणाला बसलो नव्हतो. मग तुम्ही कोण? पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठून राहणारं ग्लायकोजेन आपल्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी ते वापरलं जातं आणि पाणी सुटतं. त्यात चकली-शेवेच्या मिठानं अडवलेलं पाणीही गेलं. म्हणजे गेला होता तो दिवाळीचा ओलावा, आणि सत्कार केला मी तुमचा.

रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर खऱ्या एका किलोला जायला पंधरा दिवस लागतात. सवय लागायला तर त्याहून जास्त. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कोणाला १८, तर कोणाला २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यांनी नोंदवलंय. तो चिवड्याचा दिवस मी त्यातच जमा धरलाय.

आता काट्यावर फक्त रविवारी उभा राहतो. रोज सकाळी चालून आलो की भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुली मारतो. फुल्या पाणी पिऊन वाढत नाहीत आणि पंगतीला जाऊन पुसल्याही जात नाहीत. तिसऱ्या मजल्यावर चढताना पूर्वी दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाइल बघायचं नाटक करावं लागे. परवा ते करायचं राहूनच गेलं.

आणि हो, तुमच्या गडबडीत ते ३०० ग्रॅम माझ्या लक्षातच आले नव्हते. ना सत्कार, ना घोषणा. त्यांनी ‘येतो’सुद्धा म्हटलं नाही. ते नुसतेच गेले.

आपला (अजूनही बराचसा),
एक यजमान

ता. क. संक्रांतीला गुळाच्या पोळीबरोबर याल, हे गृहीत धरलंय. या. चार दिवस राहा. तुमच्यासाठी पँट मात्र पुन्हा उसवणार नाही.