प्रिंटर आहे, पण नाही

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर केळीच्या पानांपासून कुंकवापर्यंत सगळं मिळतं. मिळत नाही तो माझा प्रिंटर, जो टेबलावरच बसलाय. लिनक्स अपग्रेड केलं, सत्यनारायणाच्या सामानाची यादी छापायला घेतली, तर ‘एलपी-झिरो’ हे प्रिंटरचं दारच बेपत्ता. यूएसबीची हजेरी घेणारं ‘एलएसयूएसबी’ म्हणतं, इसम हजर आहे. उपकरणांचं फोल्डर ‘डेव्ह’ म्हणतं, आम्ही पाहिला नाही. चौकीवरची उत्तरं! दोन केबली बदलून, काडू मल्लेश्वराला हात जोडून झाल्यावर उलगडलं: जुन्या ‘यूएसबीएलपी’ ड्रायव्हरला हटवून ‘आयपीपी-यूएसबी’ नावाच्या नव्या कारभाऱ्याने यंत्राचा ताबा घेतलाय. ड्रायव्हरविना छपाई, म्हणे. प्रिंटर आता लोकलहोस्टवर राहतो. माझी छपाईची रांग मात्र जुन्याच दारात ताटकळत उभी.

एमआयटीत लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना म्हणून रिचर्ड स्टॉलमन चिडला, आणि १९८३मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. एवढं रामायण प्रिंटरपायी घडलं, आणि प्रिंटर अजून वनवासातच!

जुनी रांग काढली, नवी घातली. यंत्र घरघरलं. तोवर हिने यादी हातानेच लिहून दुकानात धाडली होती. कन्नडमध्ये.